जेट-स्कीचं इंजिन सीझ झालं, आणि मेकॅनिक ती सोडत नाही

प्रश्न : तारकर्लीला मी आणि माझा भाचा दोन जुन्या टू-स्ट्रोक जेट-स्कींवर पर्यटकांना फेऱ्या मारून आणतो. एकीचं काम गोव्यातल्या एका मेकॅनिककडे केलं : नवे पिस्टन, रिंगा आणि ऑइल पंपाची दुरुस्ती. बिल ८२ हजार, पैकी ५० हजार दिले. गाडी आणल्यावर तिसऱ्या दिवशी इंजिन जाम झालं. परत नेली तर म्हणतो, तुम्ही ऑइल घातलं नाही, वाळू ओढली. आता उरलेले ३२ हजार दिल्याशिवाय गाडी सोडत नाही आणि नव्या कामाचे वेगळे मागतो. काय करू?

उत्तर : आधी एक काम आजच उरका. मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर लिहा, की माझ्या किंवा माझ्या माणसाच्या गैरहजेरीत इंजिन उघडू नये आणि काढलेला एकही भाग टाकून देऊ नये. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे तो पिस्टन, आणि सध्या तो समोरच्याच्या ताब्यात आहे. आत खारं पाणी गेलं असेल तर थोड्याच दिवसांत गंज चढतो आणि ओरखडे ओळखता येत नाहीत. म्हणून घाई करा.

तपासणी तिसऱ्या माणसाकडून करून घ्या. बोटींच्या इंजिनांचा सर्व्हेअर, म्हणजे तपासून लेखी अहवाल देणारा जाणकार, मिळाला तर उत्तम. त्याने आधी स्पार्क प्लग काढून, इंजिन आणि पंप यांना जोडणारं कपलिंग सोडवून इंजिन हाताने फिरतं का ते पाहावं. दोरी किंवा प्लास्टिक इम्पेलरमध्ये (पंपाच्या पात्यांच्या चक्रात) गुंतून नुसता पंप अडकलेला असतो आणि बिचाऱ्या इंजिनाचं नाव खराब होतं, असंही घडतं. इंजिनच सीझ असेल तर प्रश्न एवढाच : दोन्ही सिलिंडर गेले की एक? वाळूने पाण्याची वाट तुंबली तर थंडावा दोघांचाही जातो आणि पिस्टन चहूबाजूंनी घासतो. एकच गेला असेल तर संशय ऑइलवर. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या तळाशी ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जातं तेवढंच. पंप उघडल्यावर लाइनमधली हवा काढली नाही, तर ऑइलची वेगळी टाकी भरलेली असूनही एखाद्या सिलिंडरला ऑइल पोचत नाही. म्हणूनच अशा कामानंतर पहिल्या टाकीच्या पेट्रोलमध्येही ऑइल मिसळतात. हे तुम्हाला सांगितलं होतं का? मात्र कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबला तरी एकच सिलिंडर जातो, हे समोरच्याचा वकील विचारणारच. अहवालात त्याचं उत्तर हवं. ऑइलच्या टाकीतली पातळी आणि नळ्यांचे फोटो आजच्या आज काढा. 'ऑइल घातलं नाही' याला तेच उत्तर.

आता अडवणुकीबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हा हक्क ताब्याला चिकटलेला असतो. पहिलं काम करून त्याने गाडी तुमच्या हवाली केली, तेव्हा त्या ३२ हजारांसाठीचा हक्क संपला. जुन्या थकबाकीसाठी नंतर हाती आलेली वस्तू धरायची मुभा कलम १७१ मध्ये आहे, पण ती बँका, अडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), हायकोर्टातले ॲटर्नी आणि विमा दलाल यांना. मेकॅनिक त्या यादीत नाही. वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी, म्हणून बिलाच्या मागची बारीक छपाई वाचून घ्या. ३२ हजार तो दावा लावून मागू शकतो, गाडी धरून नाही. तरीही हंगाम बुडतोय म्हणून पैसे देऊन गाडी सोडवायची ठरवलीत, तर 'हक्क राखून, निषेधासह' असं लिहून बँकेतूनच द्या. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली. समोरचा पहिलाच आक्षेप घेईल, की हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली सांगितलंय, की पोटासाठी स्वतः राबणारा माणूस, एक-दोघांची मदत घेत असला तरी, ग्राहकच. तक्रारीत 'स्वयंरोजगार, उपजीविका' हे स्पष्ट लिहा आणि भाच्याचं नातंही सांगा. उद्या पाच गाड्या आणि पगारी पोरं दिसली तर हा बचाव टिकणार नाही. मेकॅनिक गोव्यात असला तरी कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कामाचा मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

नुकसानभरपाई मागताना हात आखडता घ्या. दुरुस्तीचा खर्च, दिलेले पैसे आणि हंगामातल्या बुडालेल्या फेऱ्या, एवढंच. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. ते दिवस धरलेत तर बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. फेऱ्यांची वही आणि यूपीआयच्या नोंदी जोडा. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना चालू आहे ना? नसेल तर बुडालेल्या कमाईची मागणी गाळा. विनापरवाना धंद्याची कमाई भरून मागायला गेलात तर उलटंच अंगाशी येईल. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे ते संदेश कोणत्या फोनमधले हे सांगणारं, प्रमाणपत्र लागतं. तोवर तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

नोंदणीसह स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. तीत तपासणीची तारीख आणि जागा कळवा, म्हणजे आला नाही तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. दरम्यान तो 'अर्धे तुम्ही, अर्धे मी' असा निरोप पाठवेल. तोड वाईट नाही, पण हो म्हणण्याआधी सहीचा कागद आणि नव्या कामाची लेखी हमी घ्या.