‘नुसतं सोल्डरिंग’ करणाऱ्या मुलाचे वडील लिहितात…

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीच्या पैंजणांचा छोटा कारखाना आहे. मुलानं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि दोन वर्षं चाकणच्या एका कंपनीत नुसतं सोल्डरिंग करतोय. चांदीवाली पेस्ट बदलायची चाचणी त्याच्याकडे दिलीय म्हणून खूश असतो. पाहुण्यांना काय सांगायचं? हे सोडून पुण्यात राहून एमपीएससी कर म्हणतो, तर ऐकत नाही. त्याला समजवा.

उत्तर : त्याला नाही, तुम्हालाच समजवावं लागेल. मुलगा कामावर खूश आहे हे तुम्ही स्वतः लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत पाहुणे आणलेत. तेवीस-चोविसाव्या वर्षी कामाबद्दल घरी येऊन आनंदानं बोलणारी मुलं माझ्याकडे फारशी येत नाहीत. वडिलांनी ढकलून अभ्यासिकेत बसवलेली मात्र रोज येतात. एमपीएससी ज्याची त्यानं ठरवून करावी. इतकंच.

आता ‘नुसतं सोल्डरिंग’. पेस्टचा, म्हणजे सोल्डरच्या भुकटीच्या लगद्याचा, डबा बदलला की काम झालं, असं तुम्हाला वाटतंय. झाळकाम जाणणाऱ्या माणसाला असं वाटावं याचं नवल आहे. सोल्डर म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्ट बोर्डाला जोडणारी झाळ. जुनं सोल्डर कथील-शिशाचं, १८३ अंशांना वितळणारं. युरोपनं १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधन आणलं, पुढे आपल्याकडेही ते आलं. मग रुळलं ते सॅक-३०५ : ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्का तांबं. चांदीचा भाव चढला की हे तीन टक्के कंपनीला टोचतात, आणि ०.३ टक्के चांदीच्या पेस्टचा विचार सुरू होतो. मुलगा बहुधा तेच तपासतोय. सॅक-३०५ साधारण २२० अंशांना पूर्ण पातळ होतं, कमी चांदीचं २२७च्या आसपास. म्हणजे ओव्हनचं प्रोफाइल, कधी किती तापवायचं ते, नव्यानं बसवायचं, आणि प्लास्टिकचा कनेक्टर तेवढी धग सोसेल का, तेही बघायचं. बोर्ड हातातून पडला तर कमी चांदीचा जोड बऱ्याचदा जास्त टिकतो. सतत तापून थंड होणाऱ्या जागी मात्र तोच लवकर तडकू शकतो. बिस्मथचा पर्याय आहे : ५८ टक्के बिस्मथ, बाकी कथील, १३८ अंशांनाच वितळतं. पण जोड ठिसूळ. त्यात एखाद्या जुन्या पार्टच्या पायांवर शिशाचा मुलामा असला, तर तिन्ही धातू मिळून ९६ अंशांना वितळणारा भाग तयार होऊ शकतो. पाणी उकळायच्या आत जोड ढिला!

दोन वर्षांच्या अनुभवावर हे काम हाती आलं, म्हणजे साहेबाला मुलात काहीतरी दिसलंय.

नोकरी सोन्याची आहे असं मी म्हणत नाही. कंत्राटी असेल, पगार बेताचा असेल, आणि नुसतं ओव्हनसमोर उभा राहिला तर पाच वर्षांनीही तिथेच दिसेल. पदवी त्यानं करावीच, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन किंवा नोकरी सांभाळून. जमलं तर आयपीसीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या दर्जाच्या निकषांचं, प्रमाणपत्र घ्यावं. त्याआधी या चाचणीची स्वतःची वही ठेवावी : कोणत्या प्रोफाइलला एक्स-रेत किती पोकळ्या दिसल्या, कापून घासलेला जोड मायक्रोस्कोपखाली कसा होता, काय फसलं. कंपनीची कागदपत्रं बाहेर न नेता, शिकलेलं मुलाखतीत नीट सांगता आलं पाहिजे.

क्लासची फी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर उद्याच परत मागा.