कॅमकॉर्डरच्या छोट्या कॅसेटी अडॅप्टरमध्ये घालून व्हीएचएस व्हीसीआरवर चालतील का?

समजा तुमच्याकडे तीन तऱ्हेच्या कॅसेटी आहेत: कॅमकॉर्डरच्या छोट्या व्हीएचएस-सी आणि हाय८, आणि मोठ्या आकाराची एस-व्हीएचएस (व्हीएचएसची जास्त स्पष्ट चित्र देणारी आवृत्ती). एकाच साध्या व्हीएचएस व्हीसीआरवर तिन्ही चालवायच्या आहेत. पहिली चालेल, दुसरी कधीच नाही, तिसरी व्हीसीआरवर अवलंबून. कॅसेटच्या आकारावर जाऊ नका, फितीची रुंदी आणि रेकॉर्डिंगची पद्धत बघा.

व्हीएचएस-सीमध्ये मोठ्या व्हीएचएसचीच १२.७ मिमी फीत असते, फक्त डबी लहान. म्हणून अडॅप्टर चालतो. तो छोट्या कॅसेटमधून फीत बाहेर ओढून मोठ्या कॅसेटच्या वाटेवर आणून ठेवतो, आणि बहुतेकांत त्यासाठी एक एए सेल लागतो. गडबड इथेच होते. सेल उतरलेला असला की फीत अर्ध्यावर अडकते आणि झाकण उघडत नाही. ते ओढू नका, नवा सेल घाला म्हणजे मोटर फीत परत आत घेईल. कॅसेट बसवण्यापूर्वी तिच्या कडेचं दातेरी चाक बोटाने हलकेच फिरवून सैल फीत ताणून घ्या. सैल फीत यंत्रात गुंतते. चित्र दुप्पट वेगाने पळालं तर रेकॉर्डिंग एलपीमध्ये (फीत अर्ध्या वेगाने सरकवून) आहे आणि तुमच्या व्हीसीआरला फक्त एसपी, म्हणजे नेहमीचा वेग, येतं. आडवे पांढरे पट्टे आले तर ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेकॉर्डिंगच्या रेघेवर नेमकं आणणारी जुळवणी) हाताने लावा.

हाय८ची फीत ८ मिमी. तिच्यासाठी व्हीएचएसचा अडॅप्टर कधी बनलाच नाही. त्या नावाने जे विकलं जातं ते व्हीएचएस-सीचं असतं. शिवाय ८ मिमीचा नेहमीचा आवाज फिरत्या ड्रमवरची हेड्सच (फितीवर लिहिणारे-वाचणारे भाग) चित्रासोबत लिहितात, व्हीएचएससारखा कडेच्या वेगळ्या पट्टीवर नाही. तेव्हा हाय८ कॅमेराच शोधा. त्यावर हाय८च्या आधीचं व्हिडिओ८ही चालतं, पण व्हिडिओ८ कॅमेऱ्यावर हाय८ नीट चालत नाही. काही डिजिटल८ कॅमेरे (त्याच ८ मिमी कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करणारे) जुन्या ॲनालॉग हाय८, व्हिडिओ८ कॅसेटी वाचून थेट फायरवायर या डेटा-तारेने कॉम्प्युटरला देतात. सगळे नाही, म्हणून घेण्याआधी मॉडेलचं मॅन्युअल तपासा. माझ्या मते सोपी वाट हीच.

एस-व्हीएचएसची डबी आणि फीत साध्या व्हीएचएसएवढीच, त्यामुळे ती आत जाते आणि माणूस फसतो. तिच्यात चित्राच्या उजेडाचा सिग्नल बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर लिहिलेला असतो: व्हीएचएसला साधारण ३.८ ते ४.८ मेगाहर्ट्झ, एस-व्हीएचएसला ५.४ ते ७. साध्या व्हीसीआरवर चित्र फाटतं, आवाज मात्र व्यवस्थित येतो. व्हीसीआरवर 'एसक्यूपीबी' (एस-व्हीएचएस कामचलाऊ दाखवण्याची सोय) लिहिलेलं असेल तर चित्र दिसतं, पण साध्या व्हीएचएसच्याच दर्जाचं. खरी स्पष्टता हवी असेल तर एस-व्हीएचएस यंत्र आणि एस-व्हिडिओची (चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे नेणारी) तार. एक पळवाट मात्र लक्षात ठेवा: एस-व्हीएचएस कॅसेटवर कुणी साध्या पद्धतीनेच रेकॉर्डिंग केलेलं असेल, तर ती कुठल्याही व्हीसीआरवर नीट चालेल.

परदेशातून आलेली कॅसेट एनटीएससी असू शकते, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीची; आपल्याकडची पद्धत पाल. एसपीमध्ये पालची फीत सेकंदाला २३.३९ मिमी सरकते, एनटीएससीची ३३.३५. नुसत्या पाल व्हीसीआरवर चित्र लोळतं आणि आवाज जड, संथ येतो. 'एनटीएससी प्लेबॅक' असलेला व्हीसीआर टीव्हीवर चित्र दाखवतो, पण तो सिग्नल पाल-६०, म्हणजे पालचे रंग आणि एनटीएससीचा वेग अशी मिसळ, असतो. चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कॅप्चर कार्डात तीच निवड केली नाही तर रंग गायब होतात.

कॅसेट लावण्याआधी तिच्या कडेची रेकॉर्डिंग रोखणारी प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा किंवा सरकवा, म्हणजे चुकून वरून काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट साफ केल्याशिवाय लावू नका, हेड्सही खराब होतील आणि पुढच्या कॅसेटीही.