'स्वतःसाठी वेळ काढ', पण कुठून?

"मॅडम, मी वाईट आहे का हो? काल सासूबाईंवर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला."

घरातल्या आजारी माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्या सुना, लेकी, क्वचित मुलगेही हा प्रश्न घेऊन येतात. त्यांतल्या एकीबद्दल लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांना ताई म्हणू.

सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याचा आजार. दिवेलागण झाली की त्या लुगड्यांचं गाठोडं बांधून दारात उभ्या राहायच्या. "मला माहेरी सोड." ताई समजावायच्या, "आई, हेच तुमचं घर," की त्या चिडून ओचकारायच्या. रात्री तीन-चारदा उठणं, आणि सकाळी पुन्हा डबे आहेतच.

घरच्यांना काळजी नव्हती असं नाही. नणंदेनं प्राणायामाचे व्हिडिओ पाठवले होते, मुलीनं सुगंधी मेणबत्ती. नवऱ्याचं एकच, "अगं, जरा स्वतःसाठी वेळ काढ." मी ताईंना आदल्या दिवसाचे 24 तास कागदावर लिहायला लावले. त्यात विश्रांतीची ओळ एकच होती: 'दुपारी 3 ते 3.20 आडवी झाले. आई हाका मारत होत्या.'

तो कागद मी पुढच्या वेळी त्यांच्या यजमानांसमोर ठेवला. माझं मत स्पष्ट आहे: शुश्रूषा करणाऱ्याची 'सेल्फ-केअर' झोपेपासून सुरू होते, आणि ती झोप दुसऱ्या कुणीतरी पाळी घेतल्याशिवाय मिळत नाही. मेणबत्तीचं नंतर बघू. यजमान म्हणाले, "आईचं बाईमाणसानंच केलेलं बरं." कामाला बाई ठेवायची तर, "सून घरात असताना? लोक काय म्हणतील?" बरीच ओढाताण झाली. शेवटी आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्याकडे आणि दुपारी चार तास बाई, एवढं ठरलं. पहिल्या रात्रीनंतर त्यांचा फोन आला, "हे रोज असंच असतं?"

गाठोड्याचंही सांगते, कारण अनेक घरांत हे चालू असतं. अशा आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. वाद घालून पटत नाही. अंधारायच्या आत दिवे लावावेत, पडदे ओढावेत आणि "जाऊ या, आधी चहा घेऊ" म्हणत माहेरच्या गोष्टी काढाव्यात. ताईंच्या सासूबाईंना विहिरीवरच्या चिंचेबद्दल विचारलं की अर्धा तास निघायचा.

एवढं करूनही ताई सावरेनात. नुसता थकवा असता तर विश्रांतीनं थोडा तरी उतरला असता. इथे बहिणीकडे दोन दिवस झोपून आल्यावरही पहाटे 4 ला जाग, भजनी मंडळ नकोसं, आणि "सकाळ होऊच नये असं वाटतं." असं 2 आठवडे जवळजवळ रोज चाललं तर नैराश्याचा विचार करावाच लागतो. जीव द्यावासा वाटतो का, हे मी सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं काही नव्हतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घेतलं आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे नेहमीचं भय आलंच: "गोळ्यांची सवय लागेल." झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते; नैराश्यावरच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करायच्या नसतात. दुसरं भय गावात कळण्याचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर 14416 हा टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. वृद्धांच्या प्रश्नांसाठी 14567.

आता ताईंच्या गोळ्या चालू आहेत, झोप बऱ्यापैकी लागते. ओरडणं पूर्ण थांबलेलं नाही, पण तशी वेळ आली की त्या यजमानांना हाक मारून अंगणात निघून जातात. पुण्यातल्या दिरांनी दिवाळीत आईला पंधरा दिवस न्यावं असं ठरलं होतं. त्यांना अजून सुट्टी 'मिळत नाहीये'. पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावलंय.