वाचकांचे प्रश्न : स्टेला यंग आणि आमचा बॅनर

प्रश्न : ताई, ३ डिसेंबरला आमच्या शाळेत जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम आहे. मला ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंगवर दहा मिनिटं बोलायचंय, बॅनरवर 'जिद्दीला सलाम' छापायला दिलंय. व्हीलचेअर वापरणाऱ्या एक मॅडम प्रमुख पाहुण्या आहेत. काय काय सांगू?
– एक शिक्षक, जळगाव जिल्हा

उत्तर : सर, बॅनर छापून झाला नसेल तर आधी प्रेसवाल्याला फोन करून थांबवा, कारण स्टेलाला ज्याचा वैताग यायचा ते नेमकं हेच, नुसतं अपंग आहे म्हणून केलेलं कौतुक.

जन्म १९८२ चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या स्टॉवेल गावातली. हाडं पटकन मोडायचा जन्मजात आजार. ती पंधराएक वर्षांची असताना गावातलं कोणीतरी हिचं नाव पुरस्कारासाठी सुचवायचंय म्हणून आईवडिलांकडे आलं, तर ते म्हणाले, छान आहे हो, पण तिने अजून काही केलंच नाहीये! शाळा, आईच्या सलूनमध्ये थोडंफार काम, बाकी टीव्ही. (चौदाव्या वर्षी गावातल्या मेन रोडवरच्या दुकानांत व्हीलचेअर जाते का याची पाहणी केली होती, माझ्या मते पुरस्कार त्याला चालला असता, पण तो द्यायचा होता व्हीलचेअरवर आहे म्हणून.)

पुढे ती मेलबर्नच्या एका शाळेत अकरावीला कायदा शिकवायची. वीसेक मिनिटं झाली आणि एका पोराने हात वर केला, मिस तुम्ही भाषण कधी सुरू करणार? कसलं भाषण? तर प्रेरणादायी! हा किस्सा नक्की सांगा, मुलं हसतील आणि मग जरा गप्प होतील.

हा किस्सा तिनेच २०१४ मध्ये सिडनीच्या टेडेक्स (नव्या विचारांवरच्या छोट्या भाषणांचा कार्यक्रम) भाषणात सांगितला. अपंग माणसाचा फोटो आणि खाली सुविचार, आपल्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात ना तसले, त्याला ती 'इन्स्पिरेशन पॉर्न' म्हणायची, म्हणजे इतरांना बरं वाटावं म्हणून अपंगांना वस्तूसारखं वापरणं (शाळेत हा शब्द जपून). खरं अपंगत्व म्हणजे वाईट ॲटिट्यूड, असं म्हणणाऱ्यांना तिचं उत्तर होतं की पायऱ्यांकडे बघून कितीही हसलात तरी त्यांचा रॅम्प होत नाही.

आणि ती मुळात विनोदी कलाकार होती हे विसरू नका, नाहीतर भाषण सुतकी होईल. एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या 'रॅम्प अप' या अपंगत्वावरच्या वेबसाइटची संपादक, शिवाय स्टँडअप करायची, २०१४ मध्येच मेलबर्नच्या कॉमेडी फेस्टिव्हलमध्ये नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ती अचानक गेली, वय ३२. थोडेच दिवस आधी तिने ऐंशी वर्षांच्या स्वतःला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध झालं होतं, ते वाचताना मला तरी गलबलून येतं. गावात आता तिचा पुतळा आहे.

बाकी त्या मॅडम स्टेजवर कशा चढणार? शिपाईकाका आणि दोन पोरं उचलून नेतील असं ठरलं असेल तर आजच मॅडमना फोन करून विचारा, किंवा सरळ स्टेज सोडून खाली पटांगणातच खुर्च्या मांडा.