आउटलुकमध्ये स्वतः बनवलेला कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्ह कुठे करायचा, म्हणजे तो दर वेळी वापरता येईल?

तुम्ही फॉर्ममध्ये तुमचे रकाने टाकलेत, 'सेव्ह ॲज' केलंत, आणि 'न्यू कॉन्टॅक्ट' दाबल्यावर पुन्हा जुनाच फॉर्म समोर आला. बरोबर ना? आमच्या विम्याच्या ऑफिसात मीही हेच केलं होतं. पॉलिसी नंबर, रिन्युअलची तारीख, नॉमिनी असे रकाने घालून फॉर्म ओएफटी (आउटलुकची टेम्प्लेट) फाइल म्हणून डेस्कटॉपवर ठेवला आणि दोन आठवडे त्याच फाइलवर डबल क्लिक करून ग्राहक भरत राहिलो. मग साहेबांनी आणखी एक रकाना सांगितला. तो मी फाइलमध्ये घातला, पण आधी भरलेल्या एकाही ग्राहकात दिसेना. प्रत्येकाने आपल्या जन्माच्या वेळचा फॉर्म पोटात घेतलेला होता!

म्हणून फॉर्म सेव्ह नाही, पब्लिश करायचा. डिझाइन उघडं असताना 'डेव्हलपर' टॅबमध्ये 'पब्लिश' आणि त्याखाली 'पब्लिश फॉर्म ॲज'. (हा टॅब दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबनमध्ये जाऊन टिक करा.) जागा विचारेल तेव्हा 'पर्सनल फॉर्म्स लायब्ररी'ऐवजी तुमचा कॉन्टॅक्ट्स फोल्डरच निवडा. फोल्डरमध्ये पब्लिश केलेला फॉर्म फोल्डरबरोबर राहतो. पीएसटी फाइल (आउटलुक आपली माहिती जिच्यात साठवतं ती) दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तरी तो सोबत जातो, आणि एक्सचेंजवर (ऑफिसच्या मायक्रोसॉफ्ट मेल सर्व्हरवर) फोल्डर शेअर केला असेल तर सहकाऱ्यांनाही मिळतो.

त्याआधी डिझाइनमधल्या 'प्रॉपर्टीज' पानावर 'सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम'ला टिक नाही ना, ते बघून घ्या. ती टिक राहिली तर पुन्हा माझ्यासारखंच, फॉर्मची प्रत प्रत्येक नोंदीत जाऊन बसते.

आता तुमची मूळ अडचण. कॉन्टॅक्ट्स फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', तिथे 'व्हेन पोस्टिंग टू धिस फोल्डर, यूज' अशी ओळ असते. तिच्यात तुमचा फॉर्म निवडा. मग त्या फोल्डरमध्ये असताना 'न्यू कॉन्टॅक्ट' दाबलं की तोच उघडेल. पुढे रकाना वाढवलात तर त्याच नावाने पुन्हा पब्लिश करा, आधीच्या नोंदीही नव्या रूपात उघडतात.

पण फॉर्म बनवण्याआधीपासून फोल्डरमध्ये असलेले ग्राहक? ते आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक नोंदीवर 'मेसेज क्लास' नावाचा एक छुपा शिक्का असतो. साध्या कॉन्टॅक्टवर तो 'आयपीएम डॉट कॉन्टॅक्ट' असतो आणि तुमच्या फॉर्मचा शिक्का म्हणजे त्यापुढे आणखी एक डॉट आणि फॉर्मचं नाव. फोल्डरमधल्या प्रत्येक नोंदीचा हा शिक्का बदलून ती सेव्ह करणारा पाच-सात ओळींचा व्हीबीए मॅक्रो (आउटलुकमध्येच लिहायचा छोटा प्रोग्रॅम) लागतो. मॅक्रो चालवण्याआधी पीएसटीमध्ये बॅकअप घ्या. मी आधी दहा नोंदींच्या वेगळ्या फोल्डरवर चालवून पाहिला, मगच सगळ्यांना हात लावला.

ओएफटी फाइल टाकून देऊ नका. राखीव प्रत म्हणून ती उत्तम. फॉर्म कधी बिघडला तर ती उघडून पुन्हा पब्लिश करता येतं. आणि फॉर्म गेला म्हणजे माहिती गेली असं नाही. भरलेला मजकूर नोंदीतच असतो, 'ऑल फील्ड्स' पानावर सापडतो.

तुमचे रकाने तीन-चारच असतील तर मात्र या खटाटोपात पडूच नका, असं माझं मत. साध्या कॉन्टॅक्टमध्ये 'यूजर फील्ड' १ ते ४ आधीपासून असतात, तेही 'ऑल फील्ड्स' पानावरच. एक्सेलमधली यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून आयात करायची असेल तर हेच सोयीचं, कारण आउटलुकचा आयातीचा विझार्ड आपण बनवलेल्या रकान्यांत माहिती भरत नाही.

हे सगळं फक्त जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये. नव्या आउटलुकमध्ये असे फॉर्म नाहीत आणि व्हीबीएही नाही. क्लासिकला किमान २०२९ पर्यंत आधार देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तेव्हा वर उजव्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक'चा खटका दिसत असेल, तर ऑफिसातल्या सगळ्यांना तो दाबू नका म्हणून आजच सांगून ठेवा. आमच्याकडे एकाने दाबला आणि दुपारभर "रिन्युअलच्या तारखा गेल्या" म्हणून फोन येत होते.