वाचकांचे प्रश्न : साप नवा आहे हे कशावरून ठरतं?

प्रश्न : कोयनेच्या जंगलातला एक मांजऱ्या साप २०१९ मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. अंगावर पट्टे असलेले मांजऱ्या आमच्याकडेही दिसतात. मग हा वेगळा, हे कसं ठरवलं? (चिपळूण)

उत्तर : नुसत्या पट्ट्यांवरून तर नक्कीच नाही. तुम्ही म्हणता तो साप म्हणजे बोइगा थॅकरेयी. पश्चिम घाटातल्या मांजऱ्या सापांत त्याआधीची नवी भर १८९४ सालची, बोइगा डायटोनीची. इतका मोठा काळ मध्ये गेला, कारण या गटातले साप वरवर एकमेकांसारखेच दिसतात.

पहिलं काम खवले मोजण्याचं. पाठीवरच्या ओळी तीन जागी मोजतात : डोक्याच्या लांबीइतकं अंतर मागे सोडून मानेवर, अंगाच्या मध्यावर आणि गुदद्वाराच्या तेवढंच अलीकडे. थॅकरेयीत मध्यावर १९ ओळी असतात. आपल्या नेहमीच्या मांजऱ्यात त्या सहसा २१, तर फोर्स्टेनच्या मांजऱ्यात २५ किंवा त्याहून जास्त. हा 'मध्य' नजरेनं ठरवू नका. पोटावरच्या खवल्यांची एकूण संख्या काढायची आणि तिच्या निम्म्यावर ओळी मोजायच्या, कारण शेपटीकडे ओळी कमी होत जातात.

पोटावरचे खवले मोजताना सर्वांत जास्त घोळ होतो तो पहिला खवला कोणता धरायचा यावर. १९५१ मध्ये सर्पतज्ज्ञ डाउलिंग यांनी सुचवलेल्या पद्धतीत, पाठीच्या सर्वांत खालच्या ओळीला दोन्ही बाजूंनी टेकणारा पहिला खवला हा क्रमांक एक. गुदद्वारावरचा खवला यात धरत नाहीत. जुन्या नोंदी बऱ्याचदा वेगळ्या पद्धतीनं केलेल्या असतात, म्हणून त्यांतले आकडे तसेच उचलून तुलना केली तर नसलेला फरक दिसू लागतो. जपून ठेवलेला नमुना, म्हणजे तो मूळ साप, पुन्हा हातात घेऊन मोजणं हाच उपाय. शेपटीचं टोक तुटलेलं असेल तर शेपटीखालची मोजणी सोडूनच द्यावी. नर-मादीचे आकडेही वेगळे ठेवावेत. नराची शेपटी बहुधा लांब असते.

आता खरी अडचण. बोइगा बेडोमी या दाक्षिणात्य भाईबंदातही १९ ओळीच असतात. तिथे ओळी निकाल देत नाहीत. डोक्यावरच्या ढालींची (मोठ्या खवल्यांची) मापं, पोटावरच्या खवल्यांची संख्या आणि डीएनए अशा सगळ्या गोष्टी एकाच दिशेनं बोट दाखवतात तेव्हाच नवं नाव द्यावं. डीएनएसाठी यकृताचा किंवा स्नायूचा छोटा तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतात, तोही नमुना १० टक्के फॉर्मलिनमध्ये जाण्याआधी. उलट क्रमानं केलं की फॉर्मलिन डीएनए खराब करतं आणि तो नमुना जनुकीय कामाला जवळजवळ निरुपयोगी होतो. टिकवण्यासाठी नंतर ७० टक्के अल्कोहोल.

थॅकरेयी साप ओढ्याकाठच्या हुमायूनच्या रातबेडकाची अंडी खाताना नोंदला गेला आहे. माहिती फार मोलाची, पण प्रजाती वेगळी ठरवायला तेवढी पुरत नाही.

प्रश्न : साप न पकडता आम्हाला काही करता येईल का? (सातारा)

उत्तर : पकडूच नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, आणि मांजऱ्या समजून फुरसं हाती लागलं तर जिवावर बेतेल. कात मिळाली तर ती मात्र जपा : ताणली गेली तरी खवल्यांची संख्या बदलत नाही. कोरडी करून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तारीख, ठिकाण आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. फोटो काढायचेच तर लांबून, झूम करून. डोक्याची बाजू त्यात स्पष्ट हवी. वरच्या ओठाचे कोणते खवले डोळ्याला टेकतात ते दिसलं पाहिजे.

प्रश्न : हरणटोळाचं शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत अहेतुल्ला नासुटा आहे. आता ते चूक का? (पणजी)

उत्तर : २०२० मध्ये या गटाची फेरतपासणी झाली. नासुटा हे नाव आता श्रीलंकेतल्या सापापुरतं उरलं. आपल्याकडच्या हिरव्या हरणटोळांची विभागणी झाली : उत्तरेकडच्या घाटातला अहेतुल्ला बोरिआलिस, आणि मैदानी, सखल भागातला, अंगानं मोठा अहेतुल्ला ऑक्सीरिंका. हिरवा रंग इथे काहीच सांगत नाही. अल्कोहोलमध्ये पिवळं रंगद्रव्य विरघळतं आणि संग्रहालयातला हरणटोळ निळा दिसू लागतो. म्हणून जुनी नोंद दुरुस्त करायची असेल तर आधी ठिकाण आणि उंची पाहा, मग खवले. ठिकाण लिहिलेलंच नसेल तर नोंद 'अहेतुल्ला, प्रजाती अनिश्चित' अशीच ठेवा.