दुसरा टर्बो जोडीला येतो तेव्हा

प्रश्न : काका, मी मूळचा गुहागरचा, सध्या शारजाला गॅरेजात आहे. आमच्याकडे १९९३ ची टोयोटा सुप्रा आलीय, २जेझेड इंजिन, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारे पंखे). खाली पहिला एकटा चालतो, आरपीएम वाढलं की दुसरा जोडीला येतो. मालकाने इंजिन चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर काढून बाहेरचा बसवून घेतला. चार हजार आरपीएमच्या आसपास गाडी गचका खाते, बूस्ट (टर्बोने भरलेला दाब) पडतो नि परत चढतो, त्याच वेळी मीटर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, दाखवतो. तिथे पेट्रोल वाढवलं तर कधी बरी पळते, कधी काळा धूर सोडते. गणपतीला घरी यायचंय, त्याआधी गाडी द्यायचीय.

उत्तर : लॅपटॉप मिटव आणि आधी बॉनेट उघड. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं बघताना मी हेच करतो. फाटक्या नळीला कॉम्प्युटरमधला कुठलाही मॅप (आकड्यांचा तक्ता) पुरत नाही. तीस वर्षांचं रबर तापून कडक होतं, दाबाच्या टाकीचा एकेरी व्हॉल्व दोन्ही बाजूंनी हवा सोडतो, मग टर्बोचे व्हॉल्व हलवणारे अ‍ॅक्चुएटर अर्धवट हलतात. हातपंप लावून प्रत्येक अ‍ॅक्चुएटर दाब धरतो का बघ. नंतर दुसऱ्या टर्बोचे एक्झॉस्टचा आणि इनटेकचा, हे दोन्ही व्हॉल्व तारेने उघडे बांधून गाडी फिरवून आण. खालची ओढ जाईल, पण गचका गेला तर दोष टर्बोत नाही, कंट्रोलमध्ये आहे.

क्रम असा ठेव. साधारण ३५०० ला बायपास (एक्झॉस्टची छोटी आडवाट) उघडून दुसऱ्या टर्बोला थोडा एक्झॉस्ट द्यायचा, तो फिरता झाला की ४००० च्या सुमारास एक्झॉस्टचा व्हॉल्व पूर्ण, आणि किंचित मागून इनटेकचा. इनटेक घाईने उघडलास तर पहिल्याने भरलेला दाब दुसऱ्यात उलटा शिरतो. तुझा बूस्ट बहुधा तिथेच पडतोय. चढताना ४००० ला उघडलं तर उतरताना ३५०० पर्यंत मिटू देऊ नकोस, नाहीतर घाटात व्हॉल्व उघडझाप करत बसेल.

आता तुझ्या ‘कधी बरी, कधी धूर’चं उत्तर. तुझं पेट्रोलचं टेबल आरपीएम आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीचा) दाब एवढंच बघतं. पण त्याच आरपीएमला, त्याच दाबाला दुसऱ्या टर्बोचा एक्झॉस्टचा व्हॉल्व मिटलेला असू शकतो किंवा उघडा. उघडला की एक्झॉस्टची कोंडी सुटते, सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो, ताजी हवा जास्त भरते, म्हणून लीन. तू वाढवलेलं पेट्रोल व्हॉल्व मिटलेला असतानाही पडतं, तोच धूर. तेव्हा ती वाढ आरपीएमला नको, व्हॉल्वच्या आउटपुटला बांध. दुसरं पेट्रोल टेबल असेल तर उत्तम, नसेल तर टक्क्यांची दुरुस्ती. सोलेनॉइडला (अ‍ॅक्चुएटरकडे दाब सोडणाऱ्या विजेच्या झडपेला) करंट मिळाला म्हणजे व्हॉल्व उघडला असं नव्हे. मधला उशीर लॉगमध्ये मोजून तेवढा दे. त्या टप्प्यावर इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, वाईच मागे घे.

कोणीतरी सांगेलच, दोन्ही टर्बो कायमचे एकत्र चालव, कटकट मिटेल. मिटेल खरी, पण मग खालच्या आरपीएमला गाडी बैलगाडी होते. मला ते पटत नाही.

वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडून बूस्ट आवरणाऱ्या झडपेची) ड्यूटी, म्हणजे तिचा सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू ठेवायचा ते, शेवटी, एका टर्बोसाठी वेगळी, दोन्हींसाठी वेगळी. मालक बूस्ट वाढव म्हणेल. आधी गाडी कुठल्या बाजाराची ते बघ. जपानातल्या गाडीच्या टर्बोत टर्बाइनचं (एक्झॉस्टने फिरणारं) चाक सिरॅमिकचं असतं, जास्त दाबाला ते फुटतं. निर्यातीच्या गाडीत पोलादी असतं.